पाय हळूच उचल गं!

बघ, आधी एक गोष्ट नीट ऐकून घे. घरात इलेक्ट्रिक गाडी आली म्हणून तुझं ड्रायव्हिंग पुसलं गेलेलं नाही. इतकी वर्षं तू पेट्रोलची गाडी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून काढलीस, मुलांना शाळेत सोडलंस, भर पावसात सिंहगड रोडवरून घरी आलीस. ते सगळं तुझ्या हातात आणि नजरेत आहे तसंच आहे. बदललंय ते एवढंच की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी पूर्वीच्या गाडीसारखी घरंगळत पुढे जात नाही, लगेच मंद व्हायला लागते. त्याचंच तुला टेन्शन आलंय ना?

त्यात सल्ले देणारे तीन जण. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, लेव्हल तीनवरच ठेवा, रेंज मिळेल." दीर म्हणाले, "एकवर ठेव, नाहीतर मागची गाडी येऊन आदळेल." आणि सासूबाईंनी मागच्या सीटवरून जाहीर केलं की या गाडीत मळमळतं, त्यापेक्षा रिक्षा बरी. खरं सांगू का, तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कुठे कोणाचं ऐकायचं हे मात्र स्टिअरिंगवर बसलेल्या बाईने ठरवायचं असतं. ते तुला जमणार आहे, आणि मला वाटतं तुझ्या अंदाजापेक्षा लवकर जमणार आहे.

पाय उचलल्यावर गाडी अशी मंद होते त्याला रिजेन, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, आणि ते किती जोरात लागावं हे लेव्हलवर ठरतं. ते काय आहे हे दोन मिनिटांत समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. मोटर बॅटरीतली वीज घेते आणि चाकं फिरवते. तू पाय उचललास की काम उलटं होतं. आता चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्राचं काम करते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. वीज तयार करायला जोर लागतो. तो जोर गाडीच्या वेगातून घेतला जातो, म्हणून गाडी मंद होते. पेट्रोलच्या गाडीत तोच वेग आपण ब्रेक पॅड डिस्कवर घासून, उष्णता करून हवेत सोडून देत होतो. आता त्यातला बराचसा भाग परत मिळतो.

आणि हे काल-परवा निघालेलं काही नाही हं. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानमध्ये आली, तेव्हापासून घरगुती गाड्यांत हे आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून ज्या नव्या लोकल आल्या, त्या स्टेशन जवळ आलं की अशीच वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडतात. दिल्ली मेट्रोच्या याच ब्रेकिंगची नोंद २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट योजनेत झाली, आणि रेल्वेच्या क्षेत्रातला जगातला तो पहिलाच असा प्रकल्प होता. म्हणजे तू ठाण्याला मावशीकडे लोकलने गेली असशील, तर बहुतेक रिजेनच्या गाडीतून प्रवास करून आलीच आहेस. तेव्हा घाबरली होतीस का? मग आता कशाला घाबरतेस!

आता गाडीत बसू. पहिलं काम म्हणजे तुझ्या गाडीत रिजेन कमी-जास्त कुठून होतं ते शोधायचं. नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ मध्ये आलेल्या नव्या रूपात स्टिअरिंगच्या मागे दोन छोट्या पट्ट्या आहेत, त्यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. त्या दाबून शून्य ते तीन अशा लेव्हल बदलता येतात. ह्युंदाईच्या इलेक्ट्रिक गाड्यांतही अशा पट्ट्या दिसतील, आणि तिथे एका पेडलवर गाडी चालवायची आय-पेडल नावाची एक सोय आहे. एमजीवाले रिजेनलाच कर्स म्हणतात. काही गाड्यांत बटण असतं, काहींत स्क्रीनवरच्या मेनूत जावं लागतं. गाडीबरोबर आलेलं ते जाडजूड पुस्तक कपाटात टाकलंस ना? काढ ते बाहेर. त्यात तुझ्या गाडीपुरतं ब्रेकिंगचं प्रकरण तेवढं वाच, बाकीचं राहू दे. गाडी बंद करून सुरू केल्यावर लेव्हल आधीची राहते की बदलते, तेही बघून घे. काही गाड्यांत ड्राइव्ह मोड बदलला की रिजेनही बदलतं. काल गाडी जशी मंद होत होती तशी आज होत नाही, हा धक्का रस्त्यात बसायला नको. म्हणून मी गाडी सुरू केली की सीटबेल्ट लावते आणि लगेच लेव्हलचा आकडा बघते. ही सवय तूही लावून घे.

मग सराव. रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, एकटी जा. हो, एकटीच. शेजारी कोणी सूचना द्यायला नको आणि मागे मुलं भांडायला नकोत. सुरुवात लेव्हल एकपासून कर. एकवर गाडी साधारण आपल्या जुन्या गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडल्यावर वागावं तशीच वागते, त्यामुळे अंगाला ओळखीचं वाटतं. ते सवयीचं झालं की दोन. तीनची घाई अजिबात करायची नाही. कोणी बक्षीस देणार नाहीये.

सगळी गंमत पायात आहे बघ. पेट्रोलच्या गाडीत आपण पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पटकन काढून ब्रेकवर नेतो. तिथे ते चालतं. इथे पाय पटकन काढलास की पूर्ण रिजेन एकदम लागतं आणि सगळ्यांच्या माना पुढे जातात. म्हणून टाच जमिनीवर टेकलेली ठेव आणि पाय घोट्यातून अगदी थोडा थोडा वर येऊ दे. चपला जाड तळव्याच्या असतील तर हा अंदाज येत नाही, सरावाला पातळ तळव्याचे बूट घाल. आता समोरच्या डिस्प्लेकडे एक नजर टाक. तिथे पॉवरची पट्टी किंवा काटा असतो, एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला चार्ज. पाय हळू वर घेताना मध्ये एक अशी जागा येते की पट्टी ना इकडे ना तिकडे. त्या जागी गाडी वीज खातही नाही आणि अडवतही नाही, नुसती पुढे जात राहते. ती जागा पायाला सापडली की अर्धं शिक्षण झालं म्हणून समज. त्याच्या वर पाय आला की चार्ज, खाली गेला की खर्च. लेव्हल कुठलीही असो, ही मधली जागा तुझ्या ताब्यात असली की गाडी तुझ्या ताब्यात.

समज, तू कर्वे रोडवरून चाललीयेस आणि पुढचा सिग्नल लांबूनच लाल दिसतोय. वेग चाळीस. तिथूनच पाय अर्धा वर घे. पट्टी चार्जच्या बाजूला सरकते, वेग पस्तीस, तीस, पंचवीस असा उतरत जातो. समोरची रिक्षा जवळ आली तर पाय अजून थोडा वर. वेग दहाच्या खाली आला की तुझ्या लक्षात येईल, गाडीचं अडवणं कमी झालं. मोटर इतक्या हळू फिरत असते की तिच्यातून फारशी वीज निघत नाही आणि म्हणून अडवण्याचा जोरही ओसरतो. आता ब्रेकवर पाय ठेव आणि शेवटचं एक गाडीभर अंतर ब्रेकने हळुवार संपव. झालं! ना कुणाला धक्का, ना मागच्याचा हॉर्न, आणि वीजही परत मिळाली. काही गाड्या पाय पूर्ण उचलला की स्वतःच पूर्ण थांबतात, काही थांबत नाहीत आणि मुंगीच्या वेगाने पुढे सरकत राहतात. तुझी कुठल्या जातीची ते त्या रविवारीच बघून घे, सोमवारी सिग्नलला नको.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांचं मळमळणं खोटं नाही. त्यांना उगीच नखरेल ठरवू नकोस. गाडी सतत थोडी पळाली, थोडी अडली, परत पळाली, की मागे बसलेल्याच्या पोटात ढवळतं. चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण पुढे काय होणार हे त्याच्या पायाला आधीच माहीत असतं. मागच्याला ते माहीत नसतं. म्हणून घरची मोठी माणसं, लहान मुलं किंवा गरोदर बाई गाडीत असली की लेव्हल एक, नाहीतर सरळ शून्य. शक्यतो त्यांना पुढे बसव, रस्ता दिसू दे, मोबाइलमध्ये मान घालू देऊ नकोस. रेंजमध्ये पडणारा फरक इतका किरकोळ आहे की त्यापायी कोणाला उलटी होण्याची वेळ आणू नये.

किती किरकोळ, ते सांगते. आपल्या लाइट बिलात जे युनिट असतं, तेच गाडीच्या बॅटरीत किलोवॉट-अवर म्हणून मोजतात. दीड टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवायची तर तिच्या वेगात सुमारे ०.०६ युनिट ऊर्जा असते. त्यातलीही सगळी परत येत नाही. चाकातून मोटरमध्ये, मोटरमधून बॅटरीत आणि पुन्हा बॅटरीतून चाकात जाताना प्रत्येक ठिकाणी थोडी गळती होते. साधारण दोन तृतीयांश हाती लागली तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे एका थांबण्यातून युनिटाचा जेमतेम पंचविसावा भाग, गाडीच्या हिशेबात पाव किलोमीटर. एका सिग्नलचं हे गणित काहीच नाही. पण शहरात दिवसभर थांबा-निघा चालू असतं, तिथे पाव-पाव किलोमीटर जमत जातं. म्हणूनच या गाड्या शहरात काटकसरी वाटतात आणि पेट्रोलच्या गाड्या तिथेच जास्त पितात. वेग दुप्पट असेल तर ऊर्जा चौपट असते, हेही लक्षात ठेव. ताशी ८० वरून थांबताना ४० च्या चौपट परत मिळण्यासारखं असतं, पण ते लांबून, शांतपणे मंद झालीस तरच. ऐनवेळी ब्रेक मारलास तर बहुतेक सगळं पॅडमध्ये जळून जातं.

आता हायवे. शोरूममधल्या त्या मुलाचं ऐकायचं नाही, ती जागा ही. मोकळ्या सपाट रस्त्यावर लेव्हल तीन काही कामाची नाही. आधी वीज खर्चून वेग घ्यायचा, मग पाय उचलून वेग घालवायचा आणि दोन तृतीयांश परत मिळाली म्हणून खूश व्हायचं, यात काय शहाणपण? वेग घालवलाच नाही तर सगळीच ऊर्जा आपली. म्हणून लांबच्या मोकळ्या रस्त्यावर शून्य किंवा एक ठेव, गाडी घरंगळू दे. समोर ट्रक दिसला, टोलनाका आला, की तेवढ्यापुरती लेव्हल वाढव. स्टिअरिंगमागे पट्टी असेल तर ते बोटाच्या एका दाबाचं काम आहे.

घाट मात्र रिजेनचं हक्काचं माहेर! लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर आणि खोपोली साठेक मीटरवर. म्हणजे बोरघाट उतरताना गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त खाली येते. माणसं आणि सामान धरून १७०० किलोची गाडी असेल तर त्या उंचीची ऊर्जा होते अडीच युनिटांच्या आसपास. हवा, टायरचं घर्षण आणि वाटेतली गळती वजा करता त्यातली एक-सव्वा युनिट तरी बॅटरीत यावी. खाली पोचल्यावर रेंज वाढलेली दिसते तेव्हा केवढा आनंद होतो म्हणून सांगू! अर्थात परत चढताना याच्या कितीतरी जास्त वीज जाते, तेव्हा येतानाची रेंज त्या आनंदाच्या भरात मोजू नकोस.

घाटात मला विजेपेक्षा मोलाचा वाटतो तो ब्रेकला मिळणारा आराम. लांबलचक उतारावर सारखा ब्रेक दाबून धरला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी कमी लागतात. पेट्रोलच्या गाडीत आपण त्यासाठी खालचा गिअर टाकायचो. इथे ते काम रिजेन करतं. उतार सुरू व्हायच्या आधीच लेव्हल दोन किंवा तीन कर, पायाने वेग राख आणि वळणाआधी हवा तेवढाच ब्रेक लाव.

यात दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या बसव. पहिली, काठोकाठ भरलेल्या हंड्यात जसं आणखी पाणी मावत नाही, तशी शंभर टक्के भरलेल्या बॅटरीत वीज मावत नाही. बॅटरी भरलेली असली की गाडी रिजेन कमी करते किंवा बंदच ठेवते. मग तू पाय उचलतेस आणि गाडी मंद होत नाही, पुढे पळत राहते. पाचगणीला राहिलीस, हॉटेलात रात्रभर गाडी चार्जिंगला लावलीस आणि सकाळी फुल बॅटरीने पसरणीचा घाट उतरायला निघालीस, तर नेमकं हेच होणार. तिथे चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबव. उरलेलं घाट भरेल. खूप थंडीतही बॅटरी चार्ज घ्यायला कुरकुर करते, महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या पहाटे निघालीस तर सुरुवातीला रिजेन थोडं ढिलं वाटू शकतं. अशा वेळी डिस्प्लेवर बहुतेक तशी खूण येते. आणि खूण दिसो न दिसो, ब्रेक आहेच. तो नेहमीसारखाच लागतो.

दुसरी गोष्ट, उतारावर न्यूट्रल टाकायचं नाही. पेट्रोल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी असतात. तेव्हाही ते धोक्याचंच होतं. या गाडीत तर न्यूट्रल केलं की रिजेनही जातं आणि वीजही मिळत नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी "नाही" म्हण. गाडी तू चालवतीयेस.

पावसाचं बघ. पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचं तेल आणि चिखल मिळून जो लगदा होतो, त्यावर टायर पटकन घसरतं. रिजेन फक्त मोटर ज्या चाकांना जोडलेली असते त्यांनाच अडवतं. नेक्सॉन, पंच यांच्यात ती पुढची दोन चाकं, महिंद्राच्या बीई सिक्समध्ये मागची दोन. ब्रेक मात्र चारही चाकांना लागतो. म्हणून निसरड्या रस्त्यावर जोरदार रिजेन ठेवायचं नाही, लेव्हल एक पुरे, आणि वळणात पाय एकदम उचलायचा नाही. आणखी एक अनुभव तुला येईल, तेव्हा दचकू नकोस. तू पाय उचलून मंद होत असतेस आणि चाक खड्ड्यावरून किंवा खडीवरून उसळतं. त्या क्षणी गाडी रिजेन सोडून देते, म्हणजे चाक घसरू नये. आपल्याला वाटतं गाडी पुढे सुटली. काही बिघडलेलं नसतं. पाय ब्रेकवर ने आणि थांब. खराब रस्त्यावर म्हणूनच माझा पाय आधीपासून ब्रेकच्या जवळ तयार असतो.

आता जरा कडक बोलते, रागवू नकोस. एका पेडलवर गाडी चालवायची इतकी छान सवय लागते की ब्रेक विसरायला होतो. ती सवय लागू द्यायची नाही. रिजेन वीज वाचवायला आहे, ब्रेक माणसं वाचवायला आहे. मूल रस्त्यात धावलं, कुत्रं आडवं आलं, दुचाकीवाला उलट्या दिशेने घुसला, तर नुसता पाय उचलून गाडी थांबायची वाट बघायची नाही. ब्रेक, आणि तोही पूर्ण जोरात. घरात दुसरी गाडी पेट्रोलची असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ती पाय उचलल्यावर थांबणार नाही आणि तुझ्या पायाला मात्र थांबण्याची अपेक्षा असेल. त्या गाडीत बसलीस की निघण्याआधी दोन-तीनदा ब्रेक दाबून बघ, पायाला आठवण होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी आत-बाहेर करताना पाय ब्रेकवरच हवा. तिथला वेग पायी चालण्याइतका, रिजेनचा तिथे काही उपयोग नाही.

आणि थांबलेल्या गाडीला रिजेन धरून ठेवत नाही. चाक फिरत नसेल तर वीज कुठून येणार? फ्लायओव्हरच्या चढावर सिग्नलला उभी असशील तर ब्रेक दाबून धर किंवा ऑटो होल्ड असेल तर ते लाव. पार्क करताना पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय उतरायचं नाही.

दिरांची काळजी आठवते ना, मागची गाडी आदळेल म्हणणारी? तीही खरी आहे. तू ब्रेकला पायही लावत नाहीस आणि गाडी मंद होते, मग मागच्याला कळणार कसं? यासाठी रिजेन एका मर्यादेपलीकडे जोरात लागलं की ब्रेक लाइट आपोआप लागायची सोय असते. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात तर ती मर्यादाच घालून दिली आहे. पण हलक्या रिजेनला लाइट लागत नाही. तुझ्या गाडीचा लाइट कधी लागतो ते एकदा बघून ठेव. रात्री मोकळ्या रस्त्यावर कोणालातरी मागच्या गाडीतून यायला सांग, तू वेगवेगळ्या लेव्हलला पाय उचल आणि त्यांनी फोनवर तुझ्या शेजारी बसलेल्याला सांगावं, लाइट लागला की नाही. एरवी मागे दुचाकी चिकटून येत असेल तर ब्रेकवर हलकेच पाय टेकव, लाइट लागतो, मागचा सावध होतो. आपल्याकडे मागून येणारा अंतर ठेवतच नाही, तेव्हा त्याचं भान आपणच ठेवायचं.

मेंटेनन्सचं थोडं, मग सोडते तुला. रिजेनमुळे ब्रेक पॅड कमी झिजतात आणि जास्त दिवस टिकतात. इथपर्यंत आनंदच. पण डिस्क लोखंडाची असते आणि वापरली नाही तर गंजते. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे खारी दमट हवा, त्यात चार महिने पाऊस, तिथे तर लवकरच. गाडी धुतल्यावर किंवा पावसात उभी राहिल्यावर पहिल्या ब्रेकला खर्र आवाज येतो तो हाच, वरवरचा गंज. तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. मुद्दा महिनोन् महिने ब्रेक फारसा न लावण्याचा आहे. त्यासाठी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, रिजेन शून्य कर आणि नेहमीच्या वेगावरून काही वेळा नीट दाबून ब्रेक लाव. डिस्क स्वच्छ होते आणि पायालाही ब्रेकची ओळख राहते. सर्व्हिसिंगला "पॅड संपले नाहीत" एवढं ऐकून परत येऊ नकोस. कॅलिपर मोकळे हलतात का आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय ते विचार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते गाडी किती चालली यावर अवलंबून नसतं, म्हणून पुस्तकात दिलेल्या मुदतीला ते बदलायचंच. गॅरेजवाला बाईमाणूस बघून उडवाउडवी करायला लागला तर शांतपणे दुसऱ्यांदा विचार. दोनदा विचारलं की उत्तर येतं.

आणि गाडी कधी बंद पडलीच तर दोर बांधून ओढून न्यायची नाही. चाकं फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होते, आणि बंद पडलेल्या गाडीत त्या विजेने नुकसान होऊ शकतं. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन कर आणि चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागव. जमलेली गर्दी "ओढून नेऊ की ताई" म्हणेल, तू ठाम राहा.

एवढं सगळं ऐकून डोकं भणभणलं असेल तर आज फक्त इतकंच धर. शहरात एक किंवा दोन, मोकळ्या हायवेला शून्य किंवा एक, घाट उतरताना दोन किंवा तीन, पावसात एक, मोठी माणसं बरोबर असली की कमीत कमी. घाटमाथ्यावर राहायला गेलीस तर उतरण्याआधी बॅटरी काठोकाठ भरायची नाही. आणि गडबड वाटली की ब्रेक. बाकीचं तुझा पाय आपणहून शिकेल. मेनूतली बटणं नंतर आठवत बसावी लागत नाहीत, अंगवळणी पडतात.

रेंजचा आकडा कोणाला दाखवायचाय, या फंदात पडू नकोस. मागे बसलेल्या माणसाला आपण कधी थांबलो ते कळलं नाही, समोरच्या गाडीपासून अंतर राहिलं, आणि उतरताना तुझे खांदे आखडलेले नव्हते, तर तुझी लेव्हल बरोबर आहे. मग ती कितीही असो. या रविवारी सकाळी लवकर ऊठ, चहा घे आणि चावी घेऊन निघ. लेव्हल एक, टाच जमिनीवर आणि पाय हळूच वर. जमलं की मला फोन कर, आणि नाही जमलं तर आधी कर!